खतावणीबरोबर रोजकीर्दही जपा

व्यापारी बंधूंनो, जुन्या पेढीवर दिवाणजी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहीत आणि सवडीने खतावणीत चढवीत. खतावणी अपुरी राहिली तरी रोजकीर्द हाती असल्याने चिंता नसे. पोस्टग्रेस या डेटाबेसचे कामही असेच चालते. बिल झाले की नोंद आधी ‘राइट-अहेड लॉग’, थोडक्यात ‘वॉल’, या फाईलीत पक्की होते. मुख्य फाईलीत ती मागाहून चढते. ही फाईल साधारणपणे 16 एमबीची असते.

2016 साली आमच्या दुकानातील कॉम्प्युटरची डिस्क भरली. हिशेब पाहणाऱ्या मुलाला ‘पीजी-एक्सलॉग’ नावाचे फोल्डर दिसले. लॉग म्हणजे रद्दी, असे समजून त्याने आतल्या फाईली पुसल्या. डेटाबेस सुरूच होईना! रात्रीची कॉपी होती, पण तीही प्रोग्राम चालू असताना नुसत्या मुख्य फाईलींची घेतलेली. ती कुचकामी ठरली. तीन महिन्यांपूर्वीचा डंप तेवढा शाबूत होता. पुढची सारी उधारी आम्हांला बिलबुकांवरून पुन्हा लिहावी लागली. दोष मुलाचा नव्हता, आम्हीच त्याला शिकवले नव्हते. 2017 च्या दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचे नाव ‘पीजी-वॉल’ झाले, ते अशाच चुका टाळण्यासाठी.

चालू डेटाबेसची कॉपी कुचकामी का ठरते? कॉपीला तासभर लागला, तर पहिली फाईल दहा वाजताची आणि शेवटची अकराची असते. एकीकडे माल गेलेला, दुसरीकडे उधारी चढलेली नाही. हा फरक मिटवायला कॉपी सुरू झाल्यापासून संपेपर्यंतच्या सर्व वॉल फाईली लागतात. ‘पीजी-बेसबॅकअप’ हे साधन आता त्या आपोआप सोबत घेते.

पुढच्या वॉल फाईलीही दुसऱ्या डिस्कवर साठवल्या, तर दुपारी बाराला कोणी खाते पुसले तरी 11:59 पर्यंतचा हिशेब परत उभा करता येतो. मधली एकही फाईल हरवली, तर हिशेब तिथेच थांबतो. ही साठवण बंद पडली की फाईली मूळ डिस्कवर साचतात. आमच्याकडे नेमके हेच झाले होते. अशा वेळी फाईली पुसू नयेत. साठवण का थांबली ते पाहावे.

डंपला वॉल लागत नाही, पण त्यात त्या घडीपर्यंतचाच हिशेब असतो. त्यावर वॉल चढवता येत नाही.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून चार खाती ताडून पाहावीत. जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, त्याच्या भरवशावर उधारी ठेवू नये.