आधी टेप, मग पेन

मने, काल फोनवर तू विचारलंस, "ताई, पहिलाच अपघाताचा तपास आलाय, रिपोर्ट कसा लिहू?" तुझा आवाज इतका दबलेला होता की रात्रभर तोच कानात राहिला. मी काही तुझ्यासारखी फौजदार नाही. पण इथे संभाजीनगरच्या कोर्टात मयताच्या वारसांच्या बाजूने अपघाताचे दावे लढवते, म्हणजे तुमचेच कागद वाचत असते. म्हणून वाचणारीच्या बाजूने सांगते.

'भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे' हे वाक्य प्रत्येक फिर्यादीत असतं. त्यातून मला रस्ता दिसत नाही गं. डांबर किती रुंद, साइडपट्टी किती खोल, टायरच्या खुणा कुठून कुठवर, काचा कुठे सांडल्या, ते लिही. मापं जागच्या न हलणाऱ्या वस्तूपासून घे, किलोमीटरच्या दगडापासून किंवा विजेच्या खांबापासून. जखमी दवाखान्यात पोचले की वाहतूक मोकळी करायची घाई होईल. तरी क्रेन यायच्या आत फोटो काढ. अपघात रात्रीचा असेल तर त्याच वेळी पुन्हा जाऊन उभी राहा. दुपारच्या पंचनाम्यात अंधार येत नाही.

तुझ्या केसमध्ये दुचाकी उभ्या ट्रॉलीवर आदळली म्हणालीस. मग वैजापूरजवळचं जांबरगाव आठव. 15 ऑक्टोबर 2023, मध्यरात्रीनंतरची वेळ. सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे निघालेल्यांची मिनी बस समृद्धी महामार्गावर ट्रकवर मागून आदळली आणि 12 माणसं गेली. मागून धडकला त्याची चूक, असं लिहून मोकळं होणं किती सोपं! पण ट्रक तिथे उभा का होता, हा प्रश्न निघाला. आरटीओच्या पथकाने तो थांबवल्याचा आरोप झाला, दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊन त्यांना अटक झाली. तुझी ट्रॉली कुणी उभी केली, किती वेळ उभी होती, मागे रिफ्लेक्टर होता का, हे सगळं कागदावर आलंच पाहिजे. मेलेला दुचाकीस्वार स्वतःची बाजू सांगायला येणार नाही.

आता माझ्या जिवाला लागलेली गोष्ट. एका दाव्यात मयत बाईचं वय कुणीतरी अंदाजे 45 लिहिलं होतं. आधार कार्डावर 39. भरपाई काढताना वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालाच्या तक्त्यात 36 ते 40 वयाला 15 चा गुणक आहे, 41 ते 45 ला 14 चा. म्हणजे अंदाजाने लिहिलेल्या एका आकड्यापायी पोरांची अख्ख्या वर्षाच्या कमाईएवढी रक्कम धोक्यात. आणि व्यवसायापुढे काय, तर 'काही नाही'. दोन म्हशींचं दूध घालायची ती, दुसऱ्याच्या रानात निंदायला, कापूस वेचायला जायची. ते दोन शब्द खोडून काढायला मला सरपंचापासून डेअरीवाल्यापर्यंत साक्षीदार उभे करावे लागले. घरच्यांचा जबाब घेताना 'त्या काय काम करत होत्या?' एवढंच विचारून उठू नकोस. सकाळी उठल्यापासूनचा दिवस विचार.

मुदती भिंतीवर लिहून ठेव. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे, अंतरिम 50 दिवसांत, सविस्तर 90 दिवसांत.

आणि 10 दिवसांच्या आत वारसांना हक्कांची माहिती देणारा नमुना 2 द्यायचा असतो. तो शिपायाच्या हाती पाठवू नकोस. तू स्वतः जा. मयताची आई लिहिता-वाचता येणारी नाही म्हणालीस ना? मग तिच्याजवळ ओट्यावर बस, तो कागद हळू वाचून दाखव, आणि तिचं विचारून संपेपर्यंत उठू नकोस.