चिंतेचा विकार : तो कोणांस व किती प्रमाणांत होतो

शेतकऱ्यास चिंता नवी नाहीं. मृगाचा पाऊस लांबला, सोसायटीचा हप्ता जवळ आला किंवा बाजारांत भाव घसरला, म्हणजे झोप उडते. अशी चिंता कारणापुरती असते, आणि तोंवर ती मनुष्यास कामासही लावते. परंतु कारण सरलें तरी जी सरत नाहीं, महिनोन् महिने टिकते, झोप, भूक व काम यांवर घाला घालते, छातींत धडधड व हातापायांस कंप आणते, ती नुसती चिंता नव्हे. तो विकार होय. हा विकार शहरांतील सुखवस्तु लोकांचा आहे, कष्टकऱ्यास तो होत नाहीं, अशी समजूत पुष्कळांची आहे. तीस आधार किती, तें आंकड्यांवरून पाहूं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें इ. स. २०१९ सालीं जगांत सुमारें ३० कोटि १० लक्ष माणसांस हा विकार होता. त्यांपैकीं ५ कोटि ८० लक्ष मुलें व किशोरवयीन होतीं. म्हणजे दर पांच रोग्यांत जवळजवळ एक. २०२० सालीं कोविडच्या सांथीच्या पहिल्या वर्षीं हें प्रमाण सुमारें चतुर्थांशानें वाढलें.

आपल्या देशाची पाहणी बंगळूर येथील निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं बारा राज्यांत केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पीक-कापणीच्या प्रयोगांत जसे निवडक तुकडे कापून साऱ्या मंडळाचा उतारा ठरवितात, तद्वत् निवडक कुटुंबांतील ३४ हजारांहून अधिक प्रौढांस प्रश्न विचारण्यांत आले. चिंता व ताण यांपासून होणारे विकार शेंकडा ३.५ प्रौढांत आढळले. हजार प्रौढांचें गांव धरल्यास ही संख्या ३५ होते. स्त्रियांत हें प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट होतें. एकंदर मनोविकार खेड्यांपेक्षां महानगरांत अधिक होते, हें खरें. परंतु ते कमी उत्पन्नाच्या घरांत व ३० ते ४९ या कर्त्या वयांतही अधिक होते. यावरून सुखवस्तु लोकांचा रोग ही समजूत टिकत नाहीं.

पुरुष सुरक्षित आहेत असेंही कोणीं समजूं नये. त्याच पाहणींत दारूच्या व्यसनाचा विकार पुरुषांत शेंकडा सुमारें ९ व स्त्रियांत शेंकडा एकाहूनही कमी आढळला. मनांतील धास्ती दारूंत बुडविणारा मनुष्य कित्येकदां चिंतेच्या रकान्यांत न येतां व्यसनाच्या रकान्यांत जातो. स्त्रीचें दुखणें पित्त, अशक्तपणा किंवा बाहेरची बाधा या नांवाखालीं झांकलें जातें. मुलाचें दुखणें शाळा चुकविण्याचें निमित्त ठरतें. त्यामुळें चिंता व उदासीनता यांसारख्या सामान्य मनोविकारांच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें ८५ जणांस उपचार मिळाला नव्हता, असें त्या पाहणींत दिसून आलें. उपाय नसता तर गोष्ट निराळी. परंतु समुपदेशनानें व डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतलेल्या औषधानें बहुतेकांस गुण येतो.

करितां घरांतील कर्त्या मनुष्यानें पत्नी, मुलें, वृद्ध व सालदार यांपैकीं कोणाची झोप कित्येक आठवडे उडाली आहे कीं काय, याची चौकशी करावी आणि स्वतःसही तोच प्रश्न विचारावा. तसें आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा जिल्हा रुग्णालयांतील मनोविकार विभागांत जावें. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनि-सेवा १० आक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मराठींतून विनामूल्य सल्ला मिळतो. कोणी जगणें नकोसें झाल्याची भाषा काढील, तर तें बोलणें थट्टेवारी नेऊं नये, त्यास एकटें सोडूं नये, कीटकनाशकांचे डबे कुलपांत ठेवावे व त्याच दिवशीं त्यास दवाखान्यांत न्यावें. सुगी आटोपल्यावर पाहूं, असें म्हणण्याचें हें काम नव्हे.