बारव आणि बाग

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे गाव जिजामातेचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय आहे. याच गावात कोरीव मूर्तींनी नटलेली 'पुतळा बारव' आहे. पायऱ्या उतरून जिच्या पाण्यापर्यंत जाता येते, अशा विहिरीस बारव म्हणतात.

पूर्वी गावोगावच्या बायका घागरी घेऊन बारवेवर येत. पायरीवर क्षणभर टेकत, सुखदुःखाच्या चार गोष्टी बोलत. उन्हाने शिणलेला वाटसरू तेथील गारव्यात विसावा घेई. त्यांना कोणी बोलावीत नसे. पाण्याची गरज त्यांना रोज तेथे आणी. आणि जे पाणी आपणच प्यावयाचे, ते स्वच्छ राखण्याची काळजीही लोकच घेत.

पुढे घरोघर नळ आले. बायकांच्या डोक्यावरचा भार उतरला, हे फार चांगले झाले. परंतु अनेक बारवा ओस पडल्या. पायऱ्यांवर झुडपे माजली, पाण्यात केरकचरा साचला. दगडी बांधकाम तेवढेच भक्कम होते. तिकडे जाणारी पाऊलवाट मात्र बुजली होती.

शहरातील बागांचेही असेच असते. कारंजे उडते, उद्घाटन थाटाने होते. पण बाग वस्तीपासून दूर असेल, सावलीला झाड नसेल आणि पुढच्या देखभालीची तरतूद नसेल, तर वर्षभरात तेथे गवत वाढते.

याउलट मुंबईतील दादरचे मैदान पाहावे. १९२५ साली ते लोकांस खुले झाले व १९२७ साली त्यास शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. तेथे मुले चेंडूफळी खेळतात. भोवतालच्या कट्ट्यावर वृद्ध मंडळी गप्पा मारतात. सभोवार वस्ती असल्याने कोणाची ना कोणाची नजर मैदानावर असतेच. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात एवढी गर्दी असूनही स्वच्छता नांदते. कारण सेवेकऱ्यांचे हात तेथे रोज राबतात.

अलीकडे महाराष्ट्रातील तरुणांनी अनेक बारवा उपसून स्वच्छ केल्या आहेत. महाशिवरात्रीस तेथे दिवे लावले जातात. हे दृश्य मनोहर खरे. पण दिवे एका रात्रीचे असतात. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसावयास कोण येणार आणि केर कोण काढणार, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या गावाने शोधली, त्या गावाची बारव पुन्हा बुजत नाही.