पागोळीच्या आतली जागा

एरंडवणे, पुणे
चैत्र शु. ५, शके १८९०

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद, उपरी विशेष.

शिमग्याला गावी गेलेली मंडळी परवा येऊन गेली. पालखी कुणाच्या दारी किती वेळ नाचली, यंदा होमाला लाकूड कुणी दिले, कोण कुणाशी बोलत नाही, हे सर्व यथासांग सांगून झाल्यावर, वहाणांत पाय घालता घालता एकाने सहज सांगितले की बाळने घराची पुढली बाजू पाडायला काढली आहे. पडवी जाणार, तिच्या जागी सिमेंटचा सपाट पोर्च येणार, त्याला जोत्यापासून छतापर्यंत लोखंडी गज आणि मध्ये सरकते दार बसणार, आणि चिपळूणच्या कुणा कंत्राटदाराला विसाराची रक्कमही पोचती झाली आहे. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून आलो आणि रात्रभर जागा राहिलो. तुझ्या काकूने दोनदा दिवा लावून विचारले, छातीत दुखते का. पडवी दुखते असे सांगितले असते, तर तिने त्याच पावली डॉक्टरला बोलावणे धाडले असते.

ऐकीव गोष्टीवर विसंबून जाब विचारणे माझ्या स्वभावात नाही. एकतीस वर्षे बांधकाम खात्यात ओव्हरसियरकी केली, ती समक्ष पाहिल्यावाचून शेरा न मारण्याच्या नियमानेच केली. परंतु मांजराने चार कौले हलवली तरी मला कार्ड टाकणारा तू, एवढ्या मोठ्या बाबतीत मौन धरून बसलास, यावरूनच बातमीत तथ्य आहे असे मी समजतो. दादा असते तर त्यांच्यापासून तू हे लपवले असतेस काय? हे वाक्य खोडावेसे वाटले होते. पण असू दे.

तुझी बाजू मला कळत नाही असे नाही. गेल्या डिसेंबरच्या ११ तारखेला पहाटे कोयनेला धरणीने जो हिसका दिला, त्याने घाटाखालच्या आपल्या घराचीही परीक्षा पाहिली. पडवीची कौले घसरली, उत्तरेकडचा खांब तळखड्यावरून दोन बोटे ढळला, आणि वहिनी व आक्का घोंगडी पांघरून उजाडेपर्यंत तुळशीपाशी बसून राहिल्या. अशा घरात दोन म्हाताऱ्या बायका ठेवून मुंबईस झोप लागत नाही हे तुझे म्हणणे अगदी यथार्थ आहे. पण खांब ढळला, पडला नाही, इकडे लक्ष दे. फणसाचे खांब, त्यांवर तुळई, तिच्यावर आईनाचे वासे, आणि हे सारे खुंट्यांनी एकमेकांत गुंतवलेले, असा सांगाडा हिसका बसला म्हणजे कुरकुरतो, डुलतो आणि बहुधा पुन्हा आपल्या पायांवर उभा राहतो. त्याऐवजी मातीत रचलेल्या जुन्या जांभ्याच्या भिंतीवर तू सिमेंटच्या स्लॅबचे ओझे टेकवणार, आणि त्याखाली आक्काला भाजी निवडायला बसवणार! भूकंपाच्या भयाने करावयाचे काम हेच काय?

आणि रेती कुठली आणणार आहे तुझा कंत्राटदार? खाडीची आणील, जवळ पडते, स्वस्त पडते. त्या रेतीतले मीठ आतल्या सळ्यांना खाते, गंजलेले लोखंड फुगते, आणि काही वर्षांतच छताच्या खालच्या अंगाने सिमेंटचे पोपडे सुटू लागतात. असल्या पोपड्यांचे पंचनामे मी स्वतःच्या हाताने लिहिले आहेत.

आता पावसाचे पाहा. माझ्या जुन्या वहीत आपल्या पडवीची मापे आहेत, ती मी पंचविसाव्या वर्षी, नव्या नोकरीच्या उत्साहात, टेप घेऊन काढली होती. पडवीची रुंदी आठ फूट. वळचण दोन फूट पुढे आलेली, आणि तिची कड पडवीच्या जमिनीपासून अवघी सहा फूट. ही कड इतकी खाली का, याचे मला तेव्हा हसू आले होते; दादांच्या कपाळाला तर ती जन्मभर लागत आली. पुढे कळले. आपल्या घराचे तोंड पश्चिमेला, पावसाच्या समोर. आणि झड आली की सरी उभ्या पडत नाहीत, तिरप्या येतात. निम्मी तिरपी सर धर. सहा फुटांवरच्या कडेवरून सुटलेले पाणी सहा फूटच आत जाणार, त्यांपैकी दोन फूट वळचणीखाली बाहेरच खर्ची पडणार, चार फूट पडवी भिजणार, आणि भिंतीलगतची चार फूट कोरडी राहणार. बाकडे नेमके त्या चार फुटांत आहे. ज्या सुताराने ते तिथे मांडले त्याला भूमितीचा गंध नसेल, पण तीन महिन्यांत शंभर-सव्वाशे इंच पाऊस अंगावर घेणाऱ्या मुलखात तो जन्मला होता. तुझ्या पोर्चची उंची दहा फूट म्हणतात. तीच सर, तोच उतार, तीच पुढे आलेली दोन फुटांची कड, मांडून पाहा. पाणी थेट ओटीच्या भिंतीला लागते. बाकड्यावर बसलेला माणूस भिजतो, आणि गजांतून पाऊस गाळून घेण्याची युक्ती अद्याप कुणाला साधलेली नाही.

पण बाळ, एवढ्यासाठी काही मी रात्रभर जागलो नाही. गज आणि ते सरकते दार बसल्यावर, आलेला माणूस टेकणार कुठे? अंगणातून तो चढून येतो, पायऱ्यांशी वहाणा काढतो, बाकड्यावर बसतो, आणि मग आतल्याला चाहूल लागते. बसण्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पोस्टमन, कासारीण, पावसात अडकलेली शाळेची पोरे, डोकीवरची पाटी उतरवून घटकाभर विसावणारी कोळीण, ही सारी तुझ्या गजांबाहेर उभी राहून हाका मारणार, आणि आक्काला ऐकू येत नाही हे तू जाणतोस.

पडवीचे मी गोडवे गातो आहे खरा, तरी तिचा हिशेब चोख नव्हता हेही लिहिले पाहिजे. तात्यांची खोती होती तोवर आपली ओटी ही एक कचेरीच होती; दप्तर तिथे, लोडाला टेकून कारकून तिथे, वसुलाचे भात मोजायचे ते अंगणात. कुणी ओटीवर यायचे, कुणी पडवीत बसायचे, आणि कुणी अंगणाच्या पलीकडे गडग्याशी उभे राहायचे, हे जातीवरून ठरलेले असे, आणि ते अन्याय्य आहे असे आम्हा कुणाला सुचतही नसे. मी सतरा वर्षांचा असताना, तात्या घरी नव्हते त्या दिवशी, एक म्हातारे कूळ सूट मागायला आले होते. भर आषाढ. वळचणीखाली येऊन उभे राहिले, तर मी दप्तरावर बसलेला नवा साहेब, पडवी भिजेल म्हणून त्यांना मागे हो म्हणालो. ते मागे झाले. पागोळीच्या बरोबर बाहेर उभे राहून त्यांनी आपले म्हणणे सांगितले. इरल्यावरून पाणी पडत होते आणि मी कित्ता गिरवल्यासारखा ते टिपून घेत होतो. १९४९ च्या कायद्याने खोती गेली तेव्हा आपल्या घरात सुतक पाळल्यासारखी सर्व मंडळी बसली होती. मला मात्र ते इरले आठवत होते. ही हकीकत मी दादांनाही कधी सांगितली नाही.

त्या इरल्यानंतर शहाणपण यायला हवे होते. ते आले नाही. १९३८ साली इथले घर बांधले तेव्हा नकाशा माझा, देखरेख माझी, आणि घमेंडही माझीच. पुण्यात पाऊस तो कितीसा, असे म्हणून मी नकाशातून पुढचा सोपा काढून टाकला आणि ती सहा फूट बैठकीच्या खोलीत मिळवली. दार थेट भिंतीत, एक पायरी, वर नऊ इंचांचा छज्जा. खात्यातल्या मित्रांनी वाखाणणी केली की जागा कशी एक तसू वाया घालवली नाही. १९५२ च्या श्रावणात आम्ही दोघे आळंदीला गेलो होतो, कुलूप लावून. पत्र न टाकता दादा आले. चिपळूणहून कुंभार्लीचा घाट चढून कऱ्हाडला गाडी बदलून आले. दुपारी दोनला दारात पोचले आणि आम्ही परतलो सहाला. चार तास तो माणूस दाराला पाठ लावून त्या नऊ इंचांखाली उभा होता. जावे कुठे? शेजारच्या बंगल्यांची तोंडेही माझ्यासारखीच सपाट. छत्री होती, पण ती त्यांनी स्वतःवर धरलेली नव्हती. पायाशी ठेवलेल्या गाठोड्यावर धरली होती, कारण त्यात वहिनीने दिलेले कुळथाचे पीठ आणि फणसपोळ्या होत्या. गाठोडे कोरडे ठणठणीत. दादांच्या धोतरातून पाणी निथळत होते. मी काही बोलायच्या आत ते वर छज्ज्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "तुझ्या घराची पागोळी माणसाच्या डोक्यावर पडते रे!"

बस्स, एवढेच. नंतर चहा घेतला, खोलीची लांबीरुंदी पावलांनी मोजली, घर चांगले हवेशीर आहे असा निर्वाळा दिला. त्यानंतर ते पुण्याला आले नाहीत. कारणे असतील, कूळकायद्याचे खेटे होते, दमा होता. मी त्याच कारणांवर भागवत आलो आहे.

म्हणून रागाने लिहिले गेले. तुझ्यावर कमी आणि त्या नकाशावर जास्त. तुला चोरांचे भय वाटते, वहिनी आणि आक्का दोघीच असतात, हे काही खोटे नाही. त्यावर उपाय असा की गज लावायचेच तर ओटीला लाव, पडवी मोकळी ठेव. रात्री ओटी बंद झाली की घर बंद झाले. पडवीत चोराने नेण्यासारखे बाकड्यावाचून आहे काय, आणि बाकडे तर चार माणसांना उचलत नाही. ढळलेला खांब पाचर देऊन जागेवर आणता येईल. प्रत्येक खांब तुळईला लोखंडी पट्टीने जखडून घे, आणि कडेच्या दोन ओळींची कौले तारेने बांधून घे. मंगळुरी कौलाच्या पाठीला त्यासाठीच भोक ठेवलेले असते. मूळ छपरावर नळीची कौले होती. ही मंगळुरी तात्यांनी गोवळकोटच्या धक्क्यावर पडावातून उतरवून घेतली तेव्हा मी खांद्याएवढा होतो आणि एकेक कौल छातीशी धरून बैलगाडीत रचायला मला दिवसभर उसंत नव्हती. जोत्याचा चिरा कुठे झिजला असेल तर बदल, पण वर गिलावा चढवू नकोस. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासावा इतका मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो; उघडा राहण्यातच त्याचे सामर्थ्य आहे. जमिनीला ती गुळगुळीत मोझाइक तर मुळीच नको. ओल्या पायांनी वहिनी त्यावरून घसरल्या तर तुझा पोर्च मी कुदळीने फोडीन, वय झाले असले तरी. खरखरीत कोबा कर, अंगणाकडे बोटभर उतार दे. विजेचा दिवा जरूर लाव. कंदिलाच्या भक्तीचे कारण नाही. मोटार घेतलीस तर तिला मागल्या अंगाला, आंब्याखाली, निराळे छप्पर घाल. मोटारीला पाहुण्याची जागा देऊ नये.

विसाराची रक्कम बुडेल याची चिंता करू नकोस. ती मी भरीन, काकूला न सांगता.

झोपाळ्याच्या पितळी कड्या माझ्याकडे आहेत हे तुला ठाऊक नसेल. घर बांधले तेव्हा दादांनी दिल्या होत्या, मधल्या तुळईला लाव म्हणून. पण स्लॅबच्या घरात तुळई कुठली? तीस वर्षे जोंधळ्याच्या डब्यामागे पडून आहेत. काल चिंचेने घासल्या. दोन जोड्या, एकेक कडी मनगटाएवढी जाड, आणि एकीवर आतल्या अंगाने साखळीने झिजून पडलेला खळगा आहे. त्यात माझे बोट बसते. बहुधा तुझेही बसेल. पुढच्या आठवड्यात मुंबईला जाणारे कुणी मिळाले की धाडतो. कुठे लावायच्या ते तू ठरव.

मृगाच्या आधी आठ दिवस मी गावी येणार आहे. डॉक्टरांनी घाटाचा प्रवास नको म्हटले आहे, ते तू वहिनीला कळवू नकोस. आलो की पडवीत निजेन. आणि समज, हे सारे वाचूनही तुला तुझेच योग्य वाटले आणि तू गज बसवलेसच, तरीही मी येणार आहे, रुसून बसणार नाही. फक्त आक्काला सांगून ठेव की काका शेवटच्या गाडीने येतो, उतरून चालत यायला त्याला हल्ली वेळ लागतो. तेवढे होईतो कुलूप लावू नको.

तुझा,
काका