शेवटच्या घासावर आळ

अन्नातून आणि पाण्यातून पसरणाऱ्या पोटाच्या आजारांवर मी संशोधन करते. जंतू कोणता, हे प्रयोगशाळा सांगते. तो आला कुठून, हे मात्र माणसांनाच विचारावं लागतं. त्या विचारपुशीत मनात रुजलेल्या या काही गोष्टी.

१. आळ नेहमी शेवटच्या घासावर येतो. पोट बिघडलं की माणसाला आदल्या रात्रीचं जेवण आठवतं. पण प्रत्येक जंतूचा आपला वेळ असतो. स्टॅफिलोकोकसच्या विषाने १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेलाला ६ तासांपासून ३ दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो, टायफॉइडला १ ते ३ आठवडे, आणि हिपॅटायटिस ई या काविळीला २ ते १०. म्हणून कावीळ झालेली एखादी ताई परवाच्या भेळेबद्दल सांगू लागली, की मी तिला विचारते, ‘गेल्या महिन्यात नळाला पाणी कसं येत होतं?’ तोवर भेळवाल्याची गाडी लोकांनी उठवलेली असते. त्याचं फार वाईट वाटतं. आणि फुटकी जलवाहिनी तशीच राहते, याची भीती वाटते. कारण हीच कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतू शकते.

२. जे आजारी पडले नाहीत, तेच खरे साक्षीदार. पंगतीतल्या सगळ्या रुग्णांनी बासुंदी खाल्ली होती, एवढ्यावरून काही ठरत नाही. धडधाकट राहिलेल्यांनीही ती तितकीच खाल्ली असेल तर बासुंदी सुटली. ‘मला काहीच झालं नाही, मला कशाला विचारता?’ असं म्हणणाऱ्या आजोबांसमोर मी म्हणूनच हटून बसते.

३. उकळल्याने जंतू मरतो, पण त्याचं विष मरेलच असं नाही. शिकताना मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं. भातात बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही टिकतात. मोठ्या पातेल्यातला भात मधोमध कितीतरी तास कोमट राहतो. तिथे ते वाढतात, आणि त्यांच्यातले काही उलटी आणणारं विष तयार करतात. सकाळी त्याच भाताला कितीही खमंग फोडणी दिली तरी ते विष जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, एवढंच.

४. पोट बरं झालं म्हणजे आजार संपला, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासल्याकडे, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल झाले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जंतूच्या आवरणाची घडण आपल्या मज्जातंतूंवरच्या काही घटकांशी जुळते. जंतूवर चालून गेलेली आपलीच प्रतिकारशक्ती मग मज्जातंतूंवरही हल्ला करते. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे उलटलेले असतात, घरात ते कुणाच्या लक्षातही नसतात, आणि अचानक पायांतलं बळ जातं. साध्या जुलाबाची गोष्ट मी इतकी खोदून का विचारते, हे त्या साथीनंतर लोकांना समजावून सांगावं लागलं नाही.

५. या क्षेत्रातला मला सगळ्यात मोठा वाटणारा शोध मीठ, साखर आणि पाण्याचा आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, आणि ते पाजण्याचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. आतडं कॉलऱ्याने बेजार झालं तरी ग्लुकोजबरोबर मीठ आत घेत राहतं आणि त्यामागून पाणी जातं. अजूनही घराघरांत या मीठ-साखरेची पुडी पेलाभर पाण्यात थोडी थोडी कालवलेली दिसते. एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायला हवी.

६. नमुना द्यायला लोक लाजतात. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून आधी खातात, मग नमुन्यात जंतू वाढत नाही आणि साथीचं मूळ हाती लागत नाही. तुमच्या गल्लीत साथ आली आणि कुणी दाराशी विचारायला आलं, तर औषध सुरू करण्याआधी नमुना द्या, मागच्या काही आठवड्यांचं खाणं-पिणं आठवून सांगा. आणि नळाला गढूळ पाणी आलं, तर कुणी आजारी पडायची वाट न पाहता त्याच दिवशी तक्रार नोंदवा.