आधी अपेक्षा सांग

चि. सोनूस,


बँकेच्या मुलाखतीसाठी लिहून पाठवलेली तुझी उत्तरं वाचली. बाकीची ठीक आहेत. ‘नेमून दिलेल्यापेक्षा जास्त काम केल्याचा एखादा प्रसंग सांगा’ याचं उत्तर मात्र बदलावं लागेल. मार्चअखेरीला पतसंस्थेत रात्री नऊपर्यंत थांबलीस, रविवारीही गेलीस, हेच तू तीन प्रकारे लिहिलं आहेस. त्यातून कष्ट कळतात. पण मुळात तुझ्याकडून काय अपेक्षित होतं, याचा पत्ता लागत नाही. तो लागल्याशिवाय ‘जास्त’ कशाच्या मानाने मोजायचं? मार्चअखेरीला तर अख्खी शाखाच थांबते. आणि समोरचा खवट असला तर सरळ विचारेल, ‘काम वेळेत का उरकत नव्हतं?’

हा प्रश्न उगाच विचारत नाहीत. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी 1998 मध्ये कर्मचारी-निवडीवरचं पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं. सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत आणि पुढे प्रत्यक्षात होणारं काम यांचा सहसंबंध त्यांना 0.51 आढळला, गप्पांच्या ओघात घेतलेल्या मुलाखतीचा 0.38. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हा हिशेब पुन्हा तपासला, तेव्हा पहिला आकडा 0.42 वर उतरला, तरी निवडीच्या साधनांत अव्वल ही मुलाखतच ठरली. अशा मुलाखतीत समोरच्याच्या हातात गुणांचा कागद असतो. ‘खूप मेहनती’ या शब्दांना तो गुण कसे देणार? त्याला घडलेलं काहीतरी हवं असतं. ते तुझ्याकडे आहे, फक्त तू ते शेवटच्या ओळीत कोंबलंस. आलेलं कर्जप्रकरण तपासून त्रुटी कळवणं, एवढंच तुझं काम होतं. सात-बारा जुना, जामीनदाराचा पगारदाखला नाही, अशा कारणांनी माणसं पुन्हा पुन्हा खेटे घालत होती. तू कर्जाच्या प्रकारानुसार कागदपत्रांची यादी करून अर्जासोबतच द्यायला लागलीस आणि प्रकरणं परत जाणं कमी झालं. उत्तर इथून सुरू कर. आधी किती परत जात होती, नंतर किती, ते आवक-जावक रजिस्टरवरून काढ. आकडा निघाला नाही तर ठोकून देऊ नकोस. ‘नेमकं मोजलं नाही’ म्हटलेलं चालतं.

तू म्हणशील, हे स्वतःचे ढोल बडवणं झालं. आत्मस्तुती करणाऱ्याला दासबोधाने मूर्खांच्या यादीत घातलंय खरं. पण स्तुती विशेषणांत असते. काम काय होतं, अडलं कुठे, मी काय केलं, हे सांगण्यात कसली स्तुती? उलट रात्री नऊचं पालुपदच मला जास्त फुशारकीचं वाटतं. दुसरी शंका श्रेयाची: यादी तर साहेबांनी मंजूर केली, छापून आणली सहकाऱ्याने. मग तसंच सांग. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. सगळं श्रेय घेणाऱ्याच्या उत्तरातून अनुभवी माणूस मनातल्या मनात वजावट करतो. वाटणी आपणहून सांगणाऱ्याच्या उत्तरातून कमी वजा करतो.

बँकेसाठी एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेव. तिथे एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, ही चौकट आहे. ‘दिवसअखेरचा हिशेब अडला होता म्हणून सहकाऱ्याच्या पासवर्डने मीच मंजुरी दिली’ अशी तत्परता कुणी कौतुकाने सांगितली, तर मुलाखत तिथेच संपते. संपावीच. ग्राहकाची अडचण कितीही खरी असो, दुसऱ्याच्या अधिकारात शिरून केलेलं काम या प्रश्नाच्या उत्तरात बसत नाही.

राहिला तुझा राग, की हा प्रश्न म्हणजे फुकट राबवून घेण्याची पूर्वतयारी. त्यात तथ्य आहे. नेमणुकीच्या कागदात सगळं काम मावत नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर कामगार संघटनांचं ‘नियमानुसार काम’ आंदोलन संपाइतकं झोंबतं. कागदाबाहेरचं काम मागायचं आणि त्याची नोंद कुठेच ठेवायची नाही, असं करणारी कार्यालयं आहेत. पण यावर गप्प बसणं हा उपाय नव्हे. ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणतील, तेव्हा तूच विचार: पहिल्या सहा महिन्यांत या पदाकडून काय अपेक्षा आहे आणि ती पुरी झाली हे कोण, कशावरून ठरवतं? उत्तर गुळमुळीत आलं, तर त्या नोकरीचा पुन्हा विचार करायला मोकळी आहेस.

रविवारपर्यंत नवं उत्तर पाठव. दोन मिनिटांत बोलून होईल एवढंच लिही, आणि पहिल्या वाक्यात तुझं नेमलेलं काम येऊ दे.

तुझा,
मामा