दुसऱ्याच्या जिवाची ठेव

मुख्य विचार : ज्याच्या हाती अधिक बळ, त्याच्यावर दुसऱ्याच्या जिवाची अधिक जबाबदारी.

४ एप्रिल २०२५ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्याच्या गुंज गावच्या मजूर स्त्रिया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून नांदेड जिल्ह्यातील आलेगावच्या शिवारात कामास चालल्या होत्या. ट्रॅक्टर ट्रॉलीसह पाण्याने भरलेल्या विहिरीत कोसळला. सात स्त्रिया मरण पावल्या. तिघांस जिवंत वर काढण्यात आले. ह्यात दोष कोणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. परंतु एक गोष्ट आपणांस स्पष्ट दिसते. त्या स्त्रियांच्या हाती चाकही नव्हते आणि ब्रेकही नव्हता. त्यांचा जीव दुसऱ्याच्या स्वाधीन होता. शेजारी परगावी जाताना आपली पेटी आपल्या घरी ठेवून गेला, तर आपण ती डोळ्यांत तेल घालून जपतो. मग जो मनुष्य आपल्या गाडीत बसला, किंवा आपल्या गाडीपुढून रस्ता ओलांडीत आहे, त्याचा जीव ही त्याहून मोठी ठेव नव्हे काय?

१. घाईचा हिशोब. तीस किलोमीटरचा रस्ता ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या तासात संपतो. ताशी ८० वेगाने साडेबावीस मिनिटांत. लाभ काय, तर साडेसात मिनिटांचा. आणि तेवढा वेळ चहाच्या टपरीवर सहज जातो. आता तोटा पाहा. ताशी ६० वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते, आणि संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत साधारण एक सेकंद तरी जातोच. त्यानंतर गाडी थांबण्यास जे अंतर लागते, ते वेग दुप्पट झाल्यास चौपट होते. पुष्कळ ट्रॉल्यांस स्वतंत्र ब्रेक नसतात. सबब मागचा भार ट्रॅक्टरास पुढे ढकलीत राहतो. सन २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि शासकीय अहवालाप्रमाणे दहांपैकी सुमारे सात मृत्यूंचे कारण अतिवेग हे होते.

२. दुर्बलाचा विचार. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा ह्या गावांवरून नांदेडास जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आपल्या पायाखालचा आहे. त्याच रस्त्याने अवजड ट्रक जातो, एस.टी. जाते, बैलगाडी जाते, आणि पाठीवर दप्तर घेतलेले मूलही जाते. मोठ्याने लहानास वाट द्यावी, रात्री समोरून कोणी आल्यास आपल्या दिव्याचा झोत खाली करावा, गावातून जाताना वेग आवरावा. ह्यास कायदा लागत नाही. समोरच्यासही घरी वाट पाहणारे कोणी आहे, एवढे स्मरण पुरे.

ट्रॉलीतील मजुरांविषयी विशेष सांगावयाचे आहे. ट्रॉली ही मालासाठी आहे, माणसांसाठी नव्हे. तथापि दुसरे वाहन मिळत नाही, म्हणून गरीब माणसे तीत बसतात. ‘जरा हळू चालवा’ असे म्हणण्याचे धैर्य त्यांस होत नाही. कारण उद्याचा रोजगार जाईल, ही धास्ती असते. म्हणून जे त्यांस बोलता येत नाही, ते शेताच्या मालकाने व गावच्या वडीलधाऱ्यांनी बोलले पाहिजे. तसेच अल्पवयी मुलाच्या हाती गाडी देणे हे कौतुक नव्हे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अशा मुलाने गुन्हा केल्यास त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी आहे.

३. जो गाडी चालवीत नाही, त्याचे कर्तव्य. आपण डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतो, तुरीचे खळे मांडतो, आणि कडेला दगड ठेवून ते तसेच विसरतो. उसाने भरलेली ट्रॉली रात्री वाटेत बिघडली, तर मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी न लावता निघून जातो. कित्येक विहिरींस कठडा नसतो. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेचा नियम असा आहे की, कोणी खाच खणून उघडी ठेविली व तीत परक्याचे जनावर पडले, तर खणणाराने भरपाई करावी. बैल किंवा गाढव पडल्यास जर एवढी जबाबदारी, तर मनुष्य पडल्यास किती असावी बरे?

४. अपघात घडल्यावर. पोलिसांची कटकट नको म्हणून पुष्कळ लोक जखमीस रस्त्यावर टाकून पुढे जातात. हे भय आता निराधार आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या १३४ व्या कलमाप्रमाणे जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. २०१९ साली जोडलेले १३४-अ हे कलम सद्हेतूने मदत करणाऱ्या वाटसरूस संरक्षण देते, आणि इंग्रजीत त्या कलमास दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याचेच नाव दिले आहे. सबब कचरू नये. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे, आणि मदत येईपर्यंत जखमीजवळ थांबावे.

रस्त्यावर ज्याची परीक्षा होते, तो स्वभाव घरीच घडलेला असतो. जो पाणवठ्यावर रांग मोडतो व बाजारात म्हाताऱ्यास ढकलून पुढे जातो, तोच चाकावर बसला म्हणजे काय करील, हे निराळे सांगावयास नको.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :
(१) आपल्या गावाच्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी कोणत्या, आणि त्यांस कठडा कोण बांधील?
(२) आपल्या गावचे मजूर कोणत्या वाहनाने कामास जातात? त्यांच्या वतीने मालकाशी कोण बोलेल?
(३) मागील आठवड्यात आपल्या घाईमुळे कोणास त्रास झाला?